24 तासांची चॅरिटी रन: ट्रेनिंगच्या आधी पैशांचं ठरवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मित्राच्या सहा वर्षांच्या मुलीला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालाय, ट्रीटमेंट चालू आहे, आणि तिच्या वॉर्डातल्या मुलांसाठी तुम्हाला सहा महिन्यांनी ट्रॅकवरची 24 तासांची रन करून पैसे उभे करायचेत. आतापर्यंत काही हाफ आणि एक फुल मॅरेथॉन झालीय. दर किलोमीटरमागे ठराविक रक्कम घ्यायची, पोस्टरवर मुलीचा फोटो टाकायचा असा विचार आहे, आणि माझ्याकडून हवाय ट्रेनिंग प्लॅन.

प्लॅनचं सांगतो, पण खाली. अल्ट्रा (मॅरेथॉनपेक्षा लांबच्या रन्स) धावणं आणि अशा रन्स भरवणं ही दोन्ही कामं मी बरीच वर्षं करतोय, आणि पायांमुळे फसलेल्या चॅरिटी रन्स मी कमी बघितल्यात, पैशांचं आधी नीट न ठरवल्यामुळे फसलेल्या जास्त.

"दर किलोमीटरमागे इतके" हे ऐकायला झकास वाटतं आणि पहिल्यांदा करणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. पण समोरच्याला आपले एकूण किती जाणार हे कळत नाही म्हणून तो हात आखडूनच आकडा सांगतो, आणि रन झाल्यावर तुम्ही सुजलेले पाय टेबलावर ठेवून "104 किलोमीटर झाले हं, तुमचे एवढे होतात" असे मेसेज करत बसता, निम्मे लोक बघून सोडून देतात आणि मित्रांकडे वसुली करायला जीभ रेटत नाही. हे सगळं एकवेळ चालेल. खरा धोका रात्री तीन वाजता असतो. नडगीत एकाच जागी टोचायला लागलेलं असतं, बोटाने दाबलं की नेमकं तिथेच कळ येते, हे स्ट्रेस फ्रॅक्चर (ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर) असू शकतं हे तुम्हाला माहीत असतं आणि एरवी तुम्ही मुकाट्याने थांबला असता. पण डोक्यात हिशोब चालू असतो की अजून दहा किलोमीटर म्हणजे अजून इतके पैसे, आणि ती एवढीशी पोर किती सहन करतेय, मग मी एवढंही नको का करू? झोप नाही, पोटात धड काही नाही, अशा वेळी या प्रश्नाला शहाणपणाचं उत्तर सुचत नाही. म्हणून तो प्रश्न त्या रात्रीपर्यंत येऊच द्यायचा नाही. रक्कम ठोक घ्या आणि रनच्या आधी घ्या. शंभर झाले तरी तेवढेच, चाळीसला डीएनएफ झालं, म्हणजे रन अर्धवट सोडावी लागली, तरी तेवढेच, असं पहिल्याच मेसेजमध्ये लिहून टाका.

पूर्ण नाही केलं तर लोक काय म्हणतील ही भीती सगळ्यांना असते. टेरी फॉक्सचं बघा. कॅनडातला पोरगा, हाडाच्या कॅन्सरमुळे 1977 मध्ये 18 व्या वर्षी उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला, आणि तेव्हा हॉस्पिटलमध्ये आजूबाजूला जी लहान मुलं बघितली ती डोक्यातून जाईनात म्हणून त्याने अख्खा देश धावत ओलांडायचं ठरवलं. 12 एप्रिल 1980 ला पूर्व टोकाच्या सेंट जॉन्सहून निघाला, कृत्रिम पायावर, रोज जवळपास एक मॅरेथॉन. 143 दिवस, 5,373 किलोमीटर, आणि 1 सप्टेंबरला थंडर बेजवळ थांबावं लागलं कारण कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. पश्चिमेचा समुद्र त्याने गाठलाच नाही. त्याची इच्छा होती की देशातल्या माणसामागे एक डॉलर जमावा. तो थांबल्यावर आठवड्याभरात टीव्हीवरच्या एका कार्यक्रमातच 1 कोटी डॉलरच्या वर जमले आणि फेब्रुवारी 1981 पर्यंत आकडा 2.4 कोटींच्या वर गेला, म्हणजे माणसामागे एक डॉलर झालाच. त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला. उरलेल्या किलोमीटरचा हिशोब कुणी विचारला नाही. आणि हे चालू असताना वस्तूंच्या जाहिराती करायला त्याने साफ नकार दिला होता, हे मला त्या किलोमीटरांइतकंच मोठं वाटतं.

आता पैसे ठेवायचे कुठे. स्वतःच्या खात्यात एक पैसाही घेऊ नका, तुम्ही कितीही सरळ असलात तरी. हॉस्पिटलची रजिस्टर्ड संस्था असेल किंवा त्या वॉर्डाबरोबर काम करणारी दुसरी एखादी असेल, तर देणाऱ्याचे पैसे थेट तिच्या खात्यात जावेत आणि पावती तिच्याकडूनच मिळावी. संस्थेकडून दोन गोष्टी लेखी घ्या, पैसे कशासाठी वापरणार आणि ठरलेल्या कामाला लागून उरले तर कुठे जाणार. तुमचे शूज, एन्ट्री फी, एनर्जी जेल्स, क्रूचं (ट्रॅकशेजारी थांबून तुम्हाला मदत करणाऱ्यांचं) खाणंपिणं हे सगळं तुमच्या खिशातून, किंवा त्यासाठी वेगळा स्पॉन्सर असेल तर ते उघड सांगून. यात जरा जरी सरमिसळ झाली तरी लोक तुम्हाला काही बोलणार नाहीत, पुढच्या वेळी फक्त देणार नाहीत.

एकट्या मित्राच्या मुलीसाठी पैसे गोळा करायचे नाहीत, वॉर्डासाठी करायचे, हे तुम्ही आधीच ठरवलंय ते उत्तम. एका मुलासाठी पैसे जमवू नयेत असं माझं म्हणणं नाही, कधीकधी तेच करावं लागतं. पण मग रक्कम जास्त झाली तर काय, ट्रीटमेंट बदलली तर काय, मूल दगावलं तर उरलेल्या पैशांचं काय, हे पहिल्या दिवशी लिहावं लागतं आणि ते त्या आईबापांसमोर बसून लिहिणं किती अवघड असतं ते बघितलंय मी. शिवाय शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा कुणी मित्र अल्ट्रा रनर नसतो.

वॉर्डाला काय हवंय हे ठरवायला बड्या साहेबांना भेटू नका, किंवा भेटा पण तेवढ्यावर थांबू नका. वॉर्डाच्या मेडिकल सोशल वर्करला भेटा, सिस्टरांना भेटा. आपल्या डोक्यात असतं की पैसे म्हणजे औषधं नाहीतर खेळणी. खेळण्यांचं तर सांगूच नका, वापरलेली सॉफ्ट टॉइज बरेच वॉर्ड इन्फेक्शनच्या भीतीने घेतच नाहीत. मी एका सोशल वर्करला विचारलं तेव्हा तिने पहिलं नाव घेतलं ते थर्मामीटरचं. त्याचं असं आहे की केमोमुळे (कॅन्सरच्या औषधांमुळे) मुलांच्या इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली जातात, त्या दिवसांत ताप 38 डिग्री सेल्सियसच्या वर गेला तर ती इमर्जन्सी असते, सकाळपर्यंत थांबायचं नसतं, हॉस्पिटलला पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवं. आता घरात धड थर्मामीटर नाही, हात लावून "जरा कोमट वाटतंय" म्हणणार, आणि रात्री दोन वाजता गाडी करायला पैसे नाहीत म्हणून उजाडायची वाट बघणार. म्हणजे एक थर्मामीटर आणि रात्रीच्या गाडीभाड्यासाठी एक छोटा फंड, एवढ्याने एखादं मूल वाचू शकतं. पोस्टरवर हे काही फार आकर्षक दिसत नाही, पण वॉर्ड हेच मागतो.

तसंच राहण्याचं. मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा ल्युकेमिया म्हणजे एएलएल, त्याची ट्रीटमेंट साधारण दोन ते तीन वर्षं चालते. एवढा काळ आईबापांपैकी एकाची नोकरी जाते किंवा अर्धी होते, घरी दुसरं मूल असतं, हॉस्पिटल लांब असतं. डब्ल्यूएचओच्या अंदाजाने जगात दरवर्षी 19 वर्षांपर्यंतच्या साधारण 4 लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली 80 टक्क्यांहून जास्त बरी होतात, बऱ्याच गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 30 टक्क्यांहूनही कमी. उशिरा निदान होणं हे एक कारण आहेच, पण ट्रीटमेंट अर्धवट सुटणं हेही एक मोठं कारण आहे, आणि ती बऱ्याचदा औषधाच्या बिलापेक्षा प्रवास, राहणं आणि बुडालेली रोजंदारी यामुळे सुटते. डब्ल्यूएचओने 2018 मध्ये 2030 पर्यंत जगभर निदान 60 टक्के मुलं वाचावीत असं टार्गेट ठेवलंय. तुमच्या रनमधून नवं औषध निघणार नाही, पण चार कुटुंबं केमोच्या शेवटच्या सायकलपर्यंत टिकून राहतील एवढं नक्की होऊ शकतं, आणि लोकांना सांगतानाही असंच ठोस सांगा. "आजारी मुलांसाठी मदत करा" असं म्हटलं की लोक हळहळतात आणि पुढे स्क्रोल करतात.

फोटोचं. नका टाकू. मित्र हो म्हणाला असेल, पण तुम्ही त्याच्या मुलीसाठी 24 तास धावणार म्हटल्यावर तो नाही म्हणणार कसा? विचारायचंच असेल तर तिसऱ्या माणसाकरवी विचारा, त्याला नकार देता येईल अशा पद्धतीने. आणि सहा वर्षांच्या मुलीलाही स्वतःचं मत असतं, केस गेलेला आपला फोटो अनोळखी लोकांनी बघावा का हे तिलाही विचारायला हवं. ती मोठी होईल, कॉलेजला जाईल, तेव्हाही तो फोटो इंटरनेटवर असेल. आजाराचे तपशील, रिपोर्ट, पुढे काय होणार याचे अंदाज, हेही तुमच्या पोस्टमध्ये नकोत. आणि ते "छोटी योद्धा", "कॅन्सरला हरवणारच" प्रकरण मला अजिबात आवडत नाही, कारण आजार परत उलटला तर मग हरलं कोण, ती पोर? तुमचा स्वतःचा घामेजलेला फोटो टाका की, चालतो लोकांना.

मागायचं कसं, तर आधी स्वतःचे पैसे भरा. मग जवळच्या पाचसहा जणांना, जे जरा मोठी रक्कम देऊ शकतात, त्यांना प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून सांगा आणि त्यांचे आलेले दिसल्यावरच देणगीचं ऑनलाइन पेज सगळ्यांना पाठवा. शून्यावर असलेल्या पेजवर पहिला कुणालाच व्हायचं नसतं, आणि नंतर येणारा आधीच्यांचे आकडे बघूनच आपला ठरवतो. ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे सगळ्यांचं काम, म्हणजे कुणाचंच नाही, त्यामुळे नाव घेऊन एकेकाला लिहा, कंटाळवाणं आहे पण पैसे तिथूनच येतात. सुरुवातीला एक लाट येते, मग दोनतीन महिने शुकशुकाट असतो, तेव्हा खचू नका. दुसरी लाट शेवटच्या आठवड्यात आणि रनच्या दिवशी येते. त्या दिवशी तुमचा फोन दुसऱ्या कुणाकडे द्या, लिंक पाठवणं, फोटो टाकणं, आभार मानणं त्याने करायचं. ऑफिस कर्मचाऱ्यांच्या देणगीइतकीच भर घालतं का तेही विचारून बघा, बऱ्याच मोठ्या कंपन्या घालतात आणि कुणी विचारतच नाही.

अजून एक, एकट्यानेच का करताय? 1988 मध्ये अमेरिकेत एका वडिलांनी, मुलीला ल्युकेमिया झाला म्हणून, 38 जणांची टीम बांधली आणि न्यूयॉर्क मॅरेथॉन धावून 3 लाख 22 हजार डॉलर जमवले. त्यातूनच टीम इन ट्रेनिंग नावाचा कार्यक्रम उभा राहिला जो आजही चालू आहे. एकटा माणूस कितीही पळाला तरी त्याच्या ओळखीचे लोक तेवढेच असतात. तुम्ही 24 तास ट्रॅकवर राहा, पण जोडीला बारा जणांची रिले टीम ठेवा, प्रत्येकाने दोन तास, आणि प्रत्येकाने आपापल्या लोकांकडे मागायचं. रात्री तुम्हाला सोबतही होते.

आता ट्रेनिंग. एक फुल मॅरेथॉन केलेल्या माणसाला सहा महिने पुरतात, पण टार्गेट डोकं ठिकाणावर ठेवून घ्यायचं. अल्ट्रा रनर अलेक्सांद्र सोरोकिनने 2022 मध्ये 24 तासांत 319 किलोमीटरच्या वर केले, ते वाचून आनंद घ्यायचा आणि विसरून जायचं. तुमच्यासाठी 100 म्हणजे भरपूर, 400 मीटरच्या ट्रॅकवर त्याच्या 250 फेऱ्या होतात, आणि ऐंशी झाले तरी लाजण्यासारखं काही नाही. सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरकडून तपासून घ्या.

आठवड्यातून चारपाच दिवस धावणं, त्यातलं बहुतेक इतकं सावकाश की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. मुख्य काम शनिवार-रविवारच्या जोडीचं, शनिवारी लांब आणि रविवारी थकलेल्या पायांवर परत मध्यम लांब. तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं, चौथा हलका. सगळ्यात मोठा सेशन पाचसहा तासांचा, त्यापुढे जायची गरज नाही, रात्रभर जागून प्रॅक्टिस तर मुळीच नको. एकदा मात्र संध्याकाळी उशिरा सुरू करून मध्यरात्रीपर्यंत धावून बघा, हेडलॅम्प कुठे काचतो, थंडी किती लवकर भरते हे कळतं. शेवटचे दोनतीन आठवडे टेपर, म्हणजे धावणं हळूहळू कमी करत न्यायचं. आणि चालायची प्रॅक्टिस करा, गंमत नाही करत आहे, भराभर चालणं हे वेगळं स्किल आहे आणि तुमच्या 24 तासांतला मोठा भाग चालण्यात जाणार. पहिल्या तासापासूनच 25 मिनिटं धावणं, 5 मिनिटं चालणं असं ठेवा. ताजेतवाने असताना हे मूर्खपणाचं वाटेल, बाकीचे पुढे जातील, जाऊ द्या, मध्यरात्रीनंतर त्यातले बरेच खुर्चीत दिसतील. ट्रॅकवर एकाच बाजूला वळून वळून एका पायावर जास्त ताण येतो, म्हणून बऱ्याच इव्हेंट्समध्ये दर काही तासांनी दिशा बदलतात, तुमच्यात तसं आहे का बघून घ्या.

खाण्याचं सूत्र म्हणजे तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब्ज, पहिल्या तासापासून, भूक लागायची वाट न बघता. लाँग रनला हीच सवय पोटाला लावा, कारण अल्ट्रात लोक पायांपेक्षा पोटाने बाहेर पडतात. गोडाचा कंटाळा येतो, खारट काहीतरी जवळ ठेवा. पाणी तहानेप्रमाणे. "पीत राहा, पीत राहा" हा सल्ला धोकादायक आहे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावणाऱ्यांचं रक्त तपासलं तर 13 टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि धावताना वजन वाढलेल्यांमध्ये हा धोका जास्त होता, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यालेले. क्रूकडे वजनकाटा ठेवा. वजन सुरुवातीपेक्षा वाढलेलं दिसलं आणि बोटं फुगली, डोकं दुखतंय, बोलणं असंबद्ध होतंय, तर पाणी बंद आणि लगेच मेडिकल टीम. आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर रन चालू असताना घेऊ नका, किडनीवर आधीच ताण असतो. लघवी गडद तपकिरी झाली तर रन संपली, थेट हॉस्पिटल.

या थांबायच्या अटी कागदावर लिहून क्रूच्या हातात द्या आणि निर्णय त्यांचा असेल असं आधीच कबूल करा. क्रूमध्ये मुलीचे वडील नकोत. त्यांनी तुम्हाला "थांब" म्हणायचं की "अजून थोडं" म्हणायचं, या पेचात त्यांना टाकू नका, त्यांचं तेवढंच चाललंय ते पुरे.

मुलीला ट्रॅकवर आणायची कल्पना कुणीतरी काढेलच. तिच्या पेशी त्या आठवड्यात कशा आहेत यावर ते अवलंबून आहे आणि ठरवणार तिचे डॉक्टर, त्यामुळे आधीपासून कुठेही जाहीर करू नका. दिवसा एखादा व्हिडिओ कॉल झाला तर छान, नाही झाला तरी चालतंय.

रन झाल्यावर आठवड्याभरात एकूण जमा रक्कम आणि संस्थेची पोच सगळ्या देणाऱ्यांना पाठवा, आणि तीनचार महिन्यांनी पैसे कशाला लागले ते एकदा कळवा.

राहिलं रक्ताचं. इव्हेंटच्या ठिकाणी ब्लड बँकेचा कॅम्प ठेवता आला तर जरूर ठेवा, आणि शक्य असेल तर प्लेटलेट डोनरची यादी करून घ्या. केमो चालू असलेल्या मुलांना प्लेटलेट वारंवार लागतात आणि त्या पाच ते सात दिवसच टिकतात, त्यामुळे एका दिवशी शंभर जण येण्यापेक्षा वर्षभर फोन केल्यावर येणारे वीस जण वॉर्डाला जास्त उपयोगी. तुम्ही स्वतः मात्र रनच्या आधीचे दोन महिने रक्त देऊ नका, हिमोग्लोबिन भरून यायला काही आठवडे जातात आणि तेवढ्यात तुमचं ट्रेनिंग बोंबलेल. नंतर पाय ताळ्यावर आले की खुशाल द्या, तोवर रिलेवाल्यांना आणि क्रूला रांगेत उभं करा.